लोडरची नळी उन्हात का रुसते?

जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात, नारायणगावपासून मंचरपर्यंत कोठेही गेलात, तरी द्राक्षाच्या दोन ओळींमधून सहज जाणारा छोटा ट्रॅक्टर तुमच्या नजरेस पडेल. याच ट्रॅक्टरला पुढे लोडर जोडला, की उन्हाळ्यात उकिरड्यावरचे शेणखत उचलून ट्रॉलीत भरता येते. काम संपले की लोडर काढून ठेवतात, कारण तो लावून बागेत शिरता येत नाही. चार-आठ दिवसांनी तो पुन्हा जोडायची वेळ येते आणि तेथे गंमत सुरू होते. गंमत आपल्यासाठी, ज्याची ट्रॉली खोळंबली आहे आणि मजूर बसून आहेत, त्याला ती गंमत वाटत नाही. सकाळी अलगद निघालेली तेलाची नळी दुपारी काही केल्या आत बसत नाही! नळी तीच, जोड तोच. मग बिघडले काय?

आधी या जोडाची रचना पाहू. छोट्या लोडरला बहुधा चार नळ्या असतात : दोन हात वर-खाली करण्यासाठी आणि दोन बकेट उलटी-सुलटी करण्यासाठी. प्रत्येक नळीच्या टोकाला झटपट जुळणारा जोड, म्हणजे कपलर असतो. त्याच्या दोन्ही भागांत स्प्रिंगने दाबून धरलेली एकेक छोटी झडप असते. भाग एकमेकांत बसले, की दोन्ही झडपांची नाके एकमेकांना मागे ढकलतात आणि तेलाला वाट मिळते. भाग सुटे केले, की स्प्रिंगमुळे झडपा बंद होतात आणि तेल सांडत नाही. सोय मोठी छान आहे. पण याचा दुसरा अर्थ असा, की काढून ठेवलेल्या लोडरच्या नळ्यांत आणि सिलिंडरांत तेल कोंडलेले असते. त्याला बाहेर पडायला कोठेही जागा नाही.

आता हा लोडर एप्रिलच्या उन्हात उभा आहे. नळ्या काळ्या रबराच्या, त्या तापणारच. तेलाचे तापमान १ अंश सेल्सियसने वाढले, तर १ लिटर तेल सुमारे ०.७ मिलिलिटरने फुगते. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा थेंबांनी काय होणार? पण द्रव दाबून लहान करणे फार कठीण असते. तेवढी वाढ होऊच द्यायची नाही असे ठरवले, तर तेलावर दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ १० किलोग्रॅम दाब द्यावा लागेल. हा एका अंशाचा हिशेब! सकाळ ते दुपार तापमान २० अंशांनी वाढले, तर? रबरी नळी थोडी ताणली जाते, म्हणून दाब २०० पर्यंत जात नाही. पण ५० समजायला हरकत नाही. जोडातल्या झडपेचे क्षेत्रफळ १ चौ. सेंमी. धरा. म्हणजे ती झडप मागे ढकलायला ५० किलोग्रॅमचा जोर हवा. सिमेंटचे एक पोते बोटाच्या टोकावर तोलण्यासारखेच हे झाले.

काही वेळा ऊन नसतानाही नळी बसत नाही. तेव्हा बकेट अधांतरी ठेवलेली असते आणि तिचे वजन दट्ट्यामार्फत तेलावर सतत पडत असते. पास्कलच्या नियमाप्रमाणे हा दाब नळीच्या टोकापर्यंत जसाच्या तसा पोचतो.

अशा वेळी हातोडी घेणारे पुष्कळ भेटतात. हातोडीने झडपेचे नाक चेपते आणि मग तो जोड कायमचा गळू लागतो. खरा उपाय लोडर काढतानाच करायचा असतो : बकेट सपाट जमिनीवर पूर्ण टेकवावी, इंजिन बंद करावे आणि लोडरचा दांडा चारही दिशांना तीन-चार वेळा हलवावा. त्याने कोंडलेला दाब टाकीकडे निघून जातो. मगच नळ्या सोडाव्यात आणि लोडर सावलीत ठेवावा. हे राहून गेले असेल, तर नळ्यांवर आणि सिलिंडरवर ओले गोणपाट टाकावे. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने तेलही निवते आणि दाब उतरतो. ट्रॅक्टरकडील नळीतही दाब अडकलेला असू शकतो. त्यासाठी इंजिन बंद ठेवून दांडा पुन्हा हलवून पाहावा. एवढ्यानेही जमले नाही, तर नट सैल करून दाब सोडण्याचे काम जाणत्या मेस्त्रीचे आहे, तुमचे नव्हे.

नळी एकदाची बसली, पण लोडरचा हात वर जातो आणि खाली येत नाही! येथे बहुतेक एक जोड अर्धवट बसलेला असतो. सिलिंडरमध्ये दट्ट्याच्या एका बाजूला तेल शिरायचे, तर दुसऱ्या बाजूचे बाहेर पडले पाहिजे. गच्च भरलेल्या एस.टी.तून कोणी उतरलेच नाही, तर नवा उतारू चढणार कुठे? दांडा वर केल्यावर हात खाली जात असेल, तर दोन नळ्यांची अदलाबदल झाली आहे. हुशार शेतकरी म्हणूनच जोड्यांना लाल-पिवळ्या रंगाचे पट्टे मारून ठेवतात. हात धक्के खात उचलला जात असेल, तर तेलात हवा शिरली आहे. हवा दाबली जाते, तेल दाबले जात नाही.

जोडातून तेल झिरपत असेल, तर आतली रबरी कडी, म्हणजे ओ-रिंग, झिजली किंवा कचऱ्याने कापली गेली असे समजावे. ही अडचण जुनीच आहे. जोसेफ ब्रामा याने १७९५ साली इंग्लंडमध्ये द्रवदाब यंत्राचे पेटंट घेतले, तेव्हाही खरी डोकेदुखी दट्ट्याच्या कडेने पाणी गळू न देण्याची होती. ट्रॅक्टरमध्ये तर दाब दर चौ. सेंमी.ला १५० किलोग्रॅमच्या आसपास असतो. ५ सेंमी. व्यासाच्या दट्ट्यावर तो जवळजवळ तीन टनांचा जोर देतो!

म्हणून एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. इंजिन चालू असताना नळी कोठे गळते हे हात फिरवून कधीही पाहू नका. टाचणीएवढ्या छिद्रातून निघालेली तेलाची चिळकांडी कातडी भेदून आत शिरते. जखम मुंगी चावल्यासारखी दिसते, दुखतही नाही फारसे. पण आत पसरलेल्या तेलाने बोट गमावण्याची पाळी येऊ शकते. असे झाले तर उद्यावर टाकू नका. लगेच रुग्णालयात जा आणि ‘दाबाचे तेल आत गेले आहे’ असे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गळती शोधायला पुठ्ठ्याचा लांब तुकडा पुरतो. त्यावर तेलाचा डाग उमटतो.

तेल फुगते हे स्वतः पाहायचे असेल, तर २०० मिलिलिटरची काचेची बाटली शेंगदाणा तेलाने काठोकाठ भरा. बुचाला भोक पाडून त्यात सलाईनच्या नळीचा तुकडा घट्ट बसवा आणि नळी उभी बांधून बाटली उन्हात ठेवा. तेल दहा अंशांनी तापले, की नळीत वीतभर चढलेले दिसेल. नळीचे वरचे तोंड मात्र उघडे राहू द्या. ते बंद केलेत, तर बूच उडेल किंवा बाटली फुटेल.