ऐकून तर पाहा!

मुलांनो, तुम्ही इचलकरंजीचे नाव ऐकले आहे ना? कोल्हापूर जिल्ह्यातील या गावाला 'महाराष्ट्राचे मँचेस्टर' म्हणतात. गावात शिरले की गल्लीगल्लीतून आवाज कानांवर पडतो. खटखट, खटखट, खटखट! यंत्रमाग चालू असतात. धोटा इकडून तिकडे धावत असतो. नवख्या पाहुण्याला वाटते, 'केवढा हा गोंगाट!' पण मागावर काम करणाऱ्या माणसाचे कान वेगळे असतात. आवाजाची लय जराशी बिघडली, की तो मागाकडे वळून बघतो. पाहुणा जो आवाज नुसता सोसतो, तोच आवाज कामगार नीट ऐकतो.

सोसणे आणि ऐकणे यांत फार फरक आहे. तो कसा, ते सांगण्यासाठी आज आपण खऱ्या मँचेस्टरला जाऊ या.

मँचेस्टर हे इंग्लंडमधील शहर. एके काळी हे शहर आणि आसपासचा भाग कापडाच्या गिरण्यांसाठी जगभर प्रसिद्ध होता. पुढे याच शहरात आणखी एक यंत्र तयार होऊ लागले. ते यंत्र म्हणजे संगणक. १९५१ साली मँचेस्टरच्या विद्यापीठात 'फेरांटी मार्क १' नावाचा एक मोठा संगणक आला. तो टेबलावर मावण्यासारखा नव्हता. त्याने खोलीच्या खोली अडवली होती.

या संगणकाला एक भोंगा जोडलेला होता. काम संपले किंवा कुठे चूक झाली, तर बाजूच्या माणसाला कळावे, एवढाच त्याचा उपयोग. संगणकाने एकदा हुकूम दिला, की भोंग्यातून 'टक' असा बारीक आवाज येई. आता या 'टक'मधून गाणे कसे निघणार?

तुम्ही सायकलच्या चाकाला पुठ्ठ्याचा तुकडा लावून पाहिला आहे का? चाक हळू फिरले, की पुठ्ठा 'टक, टक, टक' वाजतो. चाक जोरात फिरले, की 'टर्रर्र' असा सलग आवाज येतो. वेग वाढला, की तो आवाज उंच होतो. संगणकाचेही तसेच होते. भोंगा सेकंदाला दोनशे-अडीचशे वेळा 'टक' करू लागला, की आपल्या कानाला वेगवेगळे 'टक' ऐकू येत नाहीत, सलग सूर ऐकू येतो. हुकूम अधिक भराभर दिले, की सूर चढतो. या संगणकासाठी ॲलन ट्युरिंग या थोर गणितज्ञाने माहितीपुस्तिका लिहिली होती. भोंग्यातून सूर कसा निघतो, हे त्यात सांगितले होते.

क्रिस्टोफर स्ट्रेची नावाच्या एका शाळाशिक्षकाने ती युक्ती उचलली. त्याने संगणकाकडून चक्क गाण्यांच्या धून वाजवून घेतल्या! त्याच वर्षी बीबीसीच्या लोकांनी मँचेस्टरला येऊन त्या तबकडीवर उतरवून घेतल्या. पहिली धून इंग्लंडच्या राष्ट्रगीताची. दुसरी तुमच्या ओळखीच्या 'बा बा ब्लॅक शीप' या बालगीताची. तिसरी धून वाजता वाजता यंत्र मध्येच अडखळते आणि भोवतालची माणसे हसतात. ते हसणेसुद्धा त्या तबकडीवर आहे. २०१६ साली न्यूझीलंडमधील दोन संशोधकांनी त्या जुन्या ध्वनिमुद्रणातील दोष काढले आणि मूळ सूर पुन्हा जुळवले. संगणकाच्या संगीताचे, आज उपलब्ध असलेले, हे सर्वांत जुने ध्वनिमुद्रण मानले जाते.

खरे सांगायचे, तर ते सूर गोड नाहीत. ते घोगरे आहेत, काही जरा बेसूरही आहेत. मग ते का ऐकायचे? कारण, जे यंत्र आकडेमोडीसाठी बनवले होते, ते गाण्याचा प्रयत्न करत आहे, हे आपल्याला कळते. बाळाचे पहिले बोबडे बोलही स्पष्ट नसतात. पण घरातले सगळे कान देऊन ऐकतात ना? तसेच हे.

आता एका मुलीची गोष्ट ऐका. तिचे नाव डेलिया डर्बीशायर. तिचा जन्म १९३७ साली इंग्लंडमधील कॉव्हेन्ट्री या शहरात झाला. ती तीन वर्षांची असताना दुसरे महायुद्ध चालू होते. १९४० च्या नोव्हेंबरमध्ये एका रात्री कॉव्हेन्ट्रीवर विमानांतून भयंकर बाँबवर्षाव झाला. विमाने येताना धोक्याचे भोंगे वाजत. तो आवाज हळूहळू वर चढे आणि हळूहळू खाली येई. संकट टळल्यावर वाजणारा भोंगा मात्र एका सुरात वाजे. माणसे आवाज ऐकूनच काय ते ओळखत. लहानग्या डेलियाच्या मनात ते आवाज कायमचे राहिले.

पुढे डेलियाला प्रेस्टन या गावी नेण्यात आले. हे गाव मँचेस्टरपासून फार दूर नाही. तेथेही कापडाच्या गिरण्या होत्या. पहाटे कामगार लाकडी तळाचे बूट घालून दगडी रस्त्यावरून गिरणीकडे निघत. खट् खट्, खट् खट्! शेकडो पावलांचा तो ताल डेलिया ऐके. भोंगे आणि पावले यांच्या आवाजांचा आपल्यावर परिणाम झाला, असे तिने मोठेपणी सांगितले.

डेलिया गणितात हुशार होती. केंब्रिज येथे तिने गणित आणि संगीत या दोन्ही विषयांचा अभ्यास केला. शिक्षण संपल्यावर तिने एका मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीकडे काम मागितले. "आम्ही ध्वनिमुद्रणाच्या कामावर बायकांना घेत नाही," असे तिला कळवण्यात आले. ती निराश होऊन बसली नाही. १९६० साली ती बीबीसीत दाखल झाली. दोन वर्षांनी ती तेथील एका वेगळ्याच विभागात गेली. नभोवाणी आणि दूरदर्शनच्या कार्यक्रमांसाठी नवनवे आवाज तयार करणे, हे त्या विभागाचे काम होते.

१९६३ साली 'डॉक्टर हू' नावाची मुलांची मालिका सुरू होणार होती. काळाच्या पुढे-मागे प्रवास करणाऱ्या एका अद्भुत माणसाची ती गोष्ट. रॉन ग्रेनर या संगीतकाराने शीर्षकासाठी धून लिहून दिली. तिला आवाज देण्याचे काम डेलियाबाईंकडे आले. त्यांच्यापाशी ना वाद्यवृंद होता, ना आजच्यासारखा संगणक. मग त्यांनी काय केले?

त्यांनी एक तार छेडली आणि तिचा आवाज फितीवर उतरवला. उपकरणांची चाचणी घेण्यासाठी असलेल्या यंत्रांतून निरनिराळे सूर काढले. मुसळधार पावसासारखा 'सर्रर्र' आवाज घेतला. फीत जलद फिरवली, की सूर चढतो. सावकाश फिरवली, की उतरतो. अशा रीतीने धुनेतील एक एक स्वर वेगळा तयार केला. त्या फितीवर एका सेकंदाचा आवाज सुमारे ३८ सेंटिमीटर लांबीचा असे. स्वर अर्धा सेकंद हवा असेल, तर फीत १९ सेंटिमीटर मोजायची, पात्याने कापायची आणि पुढच्या तुकड्याला चिकटवायची. गणिताचा अभ्यास येथे कामी आला! अशा वेगवेगळ्या फिती मग एकाच वेळी सुरू करून एकत्र केल्या. एकदा कुठेतरी एक स्वर चुकत होता. तो शोधण्यासाठी डेलियाबाई आणि त्यांचे साहाय्यक डिक मिल्स यांनी फिती लांबलचक बोळात शेजारी शेजारी पसरल्या आणि सांधे जुळतात का ते पाहिले.

२३ नोव्हेंबर १९६३ रोजी घराघरांत ती धून वाजली. असे काही लोकांनी पूर्वी ऐकलेच नव्हते. हे कोणते वाद्य, ते कोणालाच ओळखता येईना. ही धून ऐकून ग्रेनरही थक्क झाले होते. श्रेयात डेलियाबाईंनाही वाटा मिळावा, असे त्यांना वाटत होते. पण त्या विभागातील माणसांची नावे जाहीर न करण्याची तेव्हा रीत होती. मालिकेच्या पडद्यावर डेलियाबाईंचे नाव आले ते पन्नास वर्षांनी, २०१३ साली. ते पाहायला त्या हयात नव्हत्या. २००१ साली त्यांचे निधन झाले होते.

त्यांची आणखी एक गंमत सांगतो. वाळवंटातील तुआरेग लोकांवर एक माहितीपट निघाला. उंटांचा तांडा रणरणत्या उन्हात चालला आहे, असे त्यात दृश्य होते. त्यासाठी आवाज हवा होता. डेलियाबाईंच्या खोलीत दिव्यावरची एक जुनी, हिरवी, धातूची शेड होती. तिच्यावर टोला दिला, की सुंदर नाद घुमे. त्यांनी सुरुवातीचा 'ठण' काढून टाकला आणि मागे रेंगाळणारा नाद तेवढा कामाला घेतला. उंटांच्या पावलांसाठी त्यांनी स्वतःच्याच आवाजाचे तुकडे वापरले. ऐकणाऱ्याला मात्र तापलेली वाळू आणि दूरवर चाललेले उंट दिसतात!

चित्रपटातील आवाजांची हीच तर जादू आहे. पडद्यावर घोडा दौडतो. पण त्याच्या टापा कित्येकदा नारळाच्या करवंट्यांनी वाजवलेल्या असतात. आपल्या मराठी चित्रपटातही असे धाडसी प्रयोग झाले आहेत. १९३७ साली पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने 'कुंकू' हा चित्रपट काढला. दिग्दर्शक होते व्ही. शांताराम. एका तरुण मुलीचे लग्न फसवून म्हाताऱ्या वकिलाशी लावले जाते. ती हा अन्याय मुकाट्याने सोसत नाही, अशी त्याची कथा आहे. दुःखाचा प्रसंग आला, की मागे करुण सूर वाजवायचे, हे शांतारामबापूंनी टाळले. त्यांनी पार्श्वसंगीत वापरलेच नाही. घरातले, रस्त्यावरचे, प्रसंगात असणारे आवाजच त्यांनी ऐकवले. आपल्याला वाटते, की आपण त्या घरातच बसलो आहोत.

नव्या आवाजाला लोक चटकन आपला म्हणत नाहीत. आपली बाजाची पेटीच पाहा. भजन असो, कीर्तन असो, नाटक असो, पेटीवाचून अडते. पण हीच पेटी परदेशातून आलेली आहे. हिच्यात मींड काढता येत नाही, आपल्या रागांतील बारीक श्रुती हिच्यात नाहीत, अशी जाणकारांची तक्रार होती. त्यामुळे १९४० साली ऑल इंडिया रेडिओवर पेटीला बंदी झाली. ती १९७१ पर्यंत पुरती उठली नव्हती. तक्रार अगदीच खोटी नव्हती. पण लोकांच्या कानांनी पेटीतील गोडवाही ओळखला होता.

डेलियाबाईंच्या निधनानंतर त्यांच्या घराच्या माळ्यावर जुनी खोकी सापडली. त्यांत २६७ फिती होत्या! अडगळ म्हणून त्या कोणी टाकून दिल्या असत्या, तर? सुदैवाने तसे झाले नाही. आज त्या मँचेस्टर विद्यापीठाच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात जपून ठेवल्या आहेत. २०१३ पासून मँचेस्टरमध्ये त्यांच्या नावाने 'डेलिया डर्बीशायर दिन' साजरा होऊ लागला. गिरण्यांच्या खडखडाटातून ज्या मुलीने ताल उचलला, तिचे आवाज अखेर गिरण्यांच्याच मुलखात सुखरूप पोहोचले.

तेव्हा मुलांनो, एखादे विचित्र संगीत कानांवर पडले, तर लगेच कान झाकू नका. आधी स्वतःला विचारा, 'हा आवाज कशाचा असेल? तो कसा काढला असेल? तो ऐकून माझ्या डोळ्यांपुढे काय येते?' मग ते पुन्हा एकदा ऐका. दोनदा ऐकूनही आवडले नाही, तर खुशाल 'आवडले नाही' म्हणा. प्रत्येक आवाज आवडलाच पाहिजे, असे नाही. पण न ऐकताच त्याला गोंगाट म्हणू नका. कोण जाणे, त्या गोंगाटात एखादी डेलिया आपले गाणे शोधत असेल!

शब्दार्थ

धोटा – मागावर आडवा धागा नेणारे साधन. मींड – एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर न तुटता जाणे. श्रुती – स्वरांमधील सूक्ष्म अंतर. पार्श्वसंगीत – प्रसंगामागे वाजणारे संगीत. तांडा – एकत्र प्रवास करणारा समूह.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'महाराष्ट्राचे मँचेस्टर' कोणत्या गावाला म्हणतात?
(आ) फेरांटी मार्क १ या संगणकाला भोंगा कशासाठी जोडला होता?
(इ) डेलियाच्या फिती आज कोठे आहेत?

२. कारणे लिहा.
(अ) डेलियाबाईंना गणिताचा अभ्यास उपयोगी पडला.
(आ) ऑल इंडिया रेडिओवर पेटीला बंदी झाली.

३. 'सोसणे आणि ऐकणे यांत फरक आहे', हे पाठातील एक उदाहरण देऊन सांगा.

उपक्रम : घरात डोळे मिटून पाच मिनिटे शांत बसा. ऐकू आलेल्या आवाजांची यादी करा. त्यांतील तीन आवाज निवडा आणि घरातील वस्तू वाजवून ते वर्गात काढून दाखवा. आवाज कशाचा, हे मित्रांना ओळखू द्या.