संदर्भाचा पत्ता चुकतो तेव्हा

संशोधनपर लेखात दुसऱ्याचे विधान, आकडेवारी किंवा कल्पना वापरली की तिचा मूळ ठिकाणा दोन जागी द्यावा लागतो. लेखाच्या ओघात त्या विधानाला लागूनच एक छोटा निर्देश येतो, आणि शेवटच्या संदर्भसूचीत त्याचा पूर्ण तपशील, म्हणजे लेखक, वर्ष, शीर्षक, नियतकालिकाचे नाव, खंड, अंक आणि पृष्ठे, दिला जातो. या दोहोंची मांडणी कशी असावी, शीर्षक तिरप्या ठशात छापावे की नाही, लेखक सहाहून अधिक असतील तर किती नावे द्यावीत, हे प्रत्येक नियतकालिक आपल्या नियमावलीत ठरवून देते. हस्तलिखित तयार करताना संशोधक ज्या कामाला सर्वाधिक कंटाळतात ते बहुधा हेच असते आणि तो कंटाळा अगदीच अनाठायी नाही. परंतु स्वल्पविरामांच्या जागांवर जितकी मेहनत खर्च होते तितकी त्या तपशिलाच्या खरेपणावर होत नाही, हा या व्यवहारातील खरा दोष आहे.

मांडणीच्या पद्धती शेकड्यांनी मोजाव्या लागत असल्या तरी त्यांची कुळे मोजकीच आहेत. कंसात लेखकाचे आडनाव आणि वर्ष देण्याची पद्धत हार्वर्ड विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांच्या १८८१ मधील गोगलगायीवरील शोधनिबंधापर्यंत मागे नेली जाते, आणि अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची सामाजिक शास्त्रांत सर्वत्र चालणारी ‘एपीए’ शैली याच कुळातली आहे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी १९७८ मध्ये कॅनडातील व्हँकूव्हर येथे जमून ठरवलेल्या पद्धतीत निर्देश केवळ क्रमांकाने होतो आणि लेखात संदर्भ ज्या क्रमाने प्रथम येतात त्याच क्रमाने सूची लावली जाते. इतिहासकारांना मात्र तळटीप सोडवत नाही, कारण दप्तरखान्यातील कागदाचा पत्ता कंसातल्या दोन शब्दांत मावत नाही. त्यांच्यापैकी बरेच जण १९०६ पासून निघत असलेल्या ‘शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल’चा आधार घेतात.

पद्धत कोणतीही असो, तिचा हेतू वाचकाला मूळ साधनापर्यंत पोहोचवणे हाच असतो, आणि नोंद चुकली की नेमका तोच हेतू कोलमडतो. कॉस्टर्लिट्झ आणि थौलेस यांनी १९७३ मध्ये ‘जर्नल ऑफ फिजिक्स सी’च्या सहाव्या खंडात लिहिलेला शोधनिबंध, ज्यातील कामासाठी पुढे २०१६ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, या बाबतीत बोलका आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील मिखाईल सिमकिन आणि वाणी रॉयचौधुरी यांनी या निबंधाचे सुमारे ४३०० निर्देश तपासले, तेव्हा १९६ ठिकाणी खंड, पृष्ठ किंवा वर्ष चुकलेले आढळले. पण त्या १९६ चुकांमध्ये वेगवेगळ्या चुका फक्त ४५ होत्या आणि पृष्ठक्रमांकाची एकच चूक तब्बल ७८ वेळा जशीच्या तशी उमटली होती. अठ्ठ्याहत्तर जणांनी स्वतंत्रपणे मूळ निबंध उघडून नेमकी तीच चूक करणे संभवत नाही. ती एकाच्या सूचीतून दुसऱ्याच्या सूचीत उतरत गेली, हाच त्याचा सरळ अर्थ. त्यावरून त्या दोघांनी २००३ मध्ये असा अंदाज मांडला की निर्देश करणाऱ्यांपैकी जेमतेम वीस टक्के लोक मूळ निबंध वाचतात. या अंदाजाच्या गणिताविषयी वाद घालता येईल, परंतु नकलेचा पुरावा नाकारता येत नाही.

याहून विलक्षण प्रकार २०१७ मध्ये उजेडात आला. एल्सेव्हिअर या प्रकाशनसंस्थेच्या लेखक-मार्गदर्शनात संदर्भाची मांडणी कशी करावी हे दाखवण्यासाठी वैज्ञानिक लेख लिहिण्याच्या कलेविषयीचा, २००० सालचा म्हणून, एक काल्पनिक निबंध नमुन्यादाखल दिलेला होता. लायडन विद्यापीठातील निवृत्त प्राध्यापक पीटर क्रोनेनबर्ग यांना त्याचा शोध घेऊनही तो सापडेना, आणि संशोधक ॲन-विल हार्झिंग यांनी पाठपुरावा केल्यावर अस्तित्वातच नसलेल्या या निबंधाचे जवळजवळ चारशे निर्देश हाती लागले. त्यांपैकी बहुतेक परिषदांच्या वृत्तान्तांत छापलेल्या निबंधांत होते, कारण तयार साच्यात आपला मजकूर भरताना लेखकांनी नमुन्याची ओळ पुसलीच नसावी. त्या ओळीतील स्वल्पविराम न् स्वल्पविराम बरोबर होता, हे येथे मुद्दाम नोंदवण्यासारखे आहे.

संदर्भ सांभाळणाऱ्या झोटेरोसारख्या सॉफ्टवेअरने मांडणीचा जाच बराच कमी केला आहे. नियतकालिक बदलले तर संपूर्ण सूची काही क्षणांत दुसऱ्या शैलीत बदलून मिळते. शोधनिबंधाला मिळणारा डीओआय, म्हणजे ‘१०’ या अंकांपासून सुरू होणारा आणि संकेतस्थळाचा पत्ता बदलला तरी कायम राहणारा ओळखक्रमांक, सूचीत दिला की वाचक थेट मूळ निबंधावर पोहोचतो. कित्येक नियतकालिके आता पहिल्या सादरीकरणाच्या वेळी विशिष्ट शैलीचा आग्रहही धरत नाहीत, सुसंगती तेवढी मागतात. मात्र सॉफ्टवेअर आत आलेली माहितीच बाहेर मांडते, त्यामुळे चुकीचे वर्षही ते तितक्याच नेटकेपणाने छापते. आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने तर नसलेल्या निबंधाची निर्दोष दिसणारी नोंद मागताक्षणी तयार करून देतात.

मराठी साधनांवर काम करून इंग्रजी नियतकालिकाकडे लेख पाठवणाऱ्याच्या अडचणी याहून निराळ्या असतात. जुन्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर अनेकदा केवळ शके असतो. त्यात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, पण शके वर्ष चैत्रात सुरू होत असल्याने त्याचे अखेरचे महिने पुढच्या इसवी सनात जातात, म्हणून छपाईचा महिना माहीत नसेल तर शके १८२० साठी १८९८-९९ असे जोडवर्ष देणेच प्रामाणिकपणाचे ठरते. लिप्यंतरासाठी आयएसओ १५९१९ हे २००१ चे मानक वापरावे लागते, आणि शब्दाच्या शेवटचा, मराठीत न उच्चारला जाणारा ‘अ’ लिहायचा की गाळायचा हे लेखाच्या आरंभीच ठरवून अखेरपर्यंत पाळावे लागते. एपीए शैलीने २०१९ च्या सातव्या आवृत्तीत प्रकाशनस्थळ देणे बंद केले. आजच्या पुस्तकांना त्याने काही बाधा येत नाही, पण एकोणिसाव्या शतकातील मराठी ग्रंथ मुंबईत छापला की पुण्यात, ही माहिती आवृत्ती ओळखण्याच्या कामी येते, म्हणून अशा नोंदींपुरता अपवाद संपादकाकडे मागून घेणे योग्य होय.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांत प्रबंधातील साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. मात्र हे साम्य मोजताना संदर्भ आणि ग्रंथसूची वगळल्या जातात. त्यामुळे तपासणीचा अहवाल स्वच्छ आला तरी सूचीतील नोंदी खऱ्या आहेत की नाहीत याविषयी तो काहीच सांगत नाही, आणि ती पडताळणी प्रत्येक मूळ साधन उघडून लेखकालाच करावी लागते.