'बहिरी ससाणा' : श्येनविद्येची परिभाषा आणि मराठी शब्दसंग्रह

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या कारखान्यांच्या पट्ट्यात एक शिकारी पक्षी आजही टिकून आहे. तो म्हणजे शिक्रा. आकाराने कबुतराएवढ्या या पक्ष्यास सरडे, उंदीर, लहान पाखरे आणि घरट्यापुरते एखादे उंच झाड मिळाले की पुरते. त्याचे नाव घेताना आपण एका लुप्त विद्येतील संज्ञा उच्चारीत असतो, याची जाणीव मात्र क्वचितच असते. 'शिकरा' हा शब्द फार्सी असून 'शिकार' या शब्दाशी त्याचे नाते आहे. रानात दिसणाऱ्या पाखराचे हे नाव नव्हे. शिकारीसाठी हातावर बाळगावयाच्या पाखराचे आहे. श्येनविद्येतील, म्हणजे शिकारी पक्ष्यांकरवी शिकार करण्याच्या कलेतील, कोणते शब्द मराठीने राखले आणि कोणते टाकले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ही विद्या दख्खनेत फार्सीबरोबर आली, असा समज होणे स्वाभाविक आहे. चाकणसारखे ठाणे बहमनी, निजामशाही, आदिलशाही अशा सत्तांखाली राहिले. 1660 साली शायिस्ताखानाच्या सैन्याने त्याला सुमारे दोन महिने वेढा घातला. या सत्तांच्या कारभाराची भाषा प्रामुख्याने फार्सी होती. दुसऱ्या इब्राहीम आदिलशाहाचे ससाण्यानिशी शिकारीस निघालेले चित्र प्रसिद्ध आहे. परंतु विद्या या शब्दांहून जुनी आहे. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' (1129) या ग्रंथात 'श्येनविनोद' असे स्वतंत्र प्रकरण आहे. मराठी वाङ्मयेतिहासाचे अभ्यासक या ग्रंथाकडे वळतात ते त्यातील मराठी पद्यांसाठी. आणि ती ज्या विनोदविंशतीत येतात, तिच्यातच कुक्कुट, पारावत, सारमेय यांच्या विनोदांच्या शेजारी हा श्येनविनोदही आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. पुढे कुमाऊँच्या रुद्रदेवाने रचलेल्या 'श्यैनिकशास्त्र' या ग्रंथात (हरप्रसाद शास्त्री संपादित, 1910) फार्सी 'बाज' हा 'वाज' असे रूप घेऊन संस्कृतात उतरलेला दिसतो. शब्दांची देवघेव ही अशी दुहेरी होती.

विद्येचे तंत्र थोडक्यात सांगावयास हवे, अन्यथा परिभाषेचे मर्म कळणार नाही. पक्षी बहुधा रानातून धरीत. त्याच्या पायांत चामड्याचे बंद व घुंगरू बांधीत, डोळ्यांवर टोपी घालीत, आणि दिवसरात्र हातावर घेऊन वर्दळीत वावरत. घास केवळ हातावरच मिळे. मग दोरी लावून थोड्या अंतरावरून, पुढे अधिक अंतरावरून त्यास बोलावीत आणि शेवटी दोरी सोडीत. शिक्रा तर मुठीत धरून लाव्यावर अक्षरशः फेकला जाई. श्वानाप्रमाणे हा पक्षी धन्यावर प्रेम करीत नाही. भूक आणि सवय या दोनच धाग्यांनी तो बांधला जातो. पहिल्या टप्प्यास इंग्रजी परिभाषेत 'मनुष्य' या अर्थाच्या शब्दावरूनच नाव आहे, आणि मराठीत 'माणसाळणे' हे नेमके तसेच क्रियापद आहे. पण आपल्याकडे ते वाघापासून वासरापर्यंत सर्वांस लागू पडते. बाजदाराच्या कसबाची खूण त्यावर राहिलेली नाही.

आता पक्ष्यांची नावे पाहू. शिकारी पक्ष्यांत मादी नराहून मोठी व बलवान असते, म्हणून बाजदारांच्या बोलीत मादी व नर यांना स्वतंत्र नावे होती : बाज व जुर्रा, शिकरा व चिपक, बाशा व बाशीन, लग्गर व झग्गर. जर्डन याने 1862 ते 1864 या काळात प्रसिद्ध केलेल्या भारतीय पक्ष्यांवरील ग्रंथात अशी नावे नोंदविली आहेत. डोळ्यांवरूनही दोन कुळे मानीत : पिवळट-लालसर डोळ्यांचे 'गुलाबचश्म' (बाज, शिकरा) आणि काळ्या डोळ्यांचे 'सियाहचश्म' (बहिरी, शाहीन, लग्गर). आधुनिक पक्षिशास्त्रही या दोहोंस वेगळ्या कुळांत घालते. मराठीने यांतील मादीची काही नावे घेतली व ती नर-मादी दोघांसही लावली. जोडनावे आणि डोळ्यांची वर्गवारी मराठी लेखनव्यवहारात रुजली नाहीत.

याचे कारण काय? शिवकालीन अठरा कारखान्यांत शिकारखान्याची गणना होते, तेव्हा दरबारी व्यवस्था होती हे उघड आहे. परंतु ती दरबारापुरतीच राहिली असावी, असे मला वाटते. बाजदाराला नर-मादी हा भेद पोटापाण्याचा होता. शेतकऱ्यास तो निरर्थक. त्याने पक्षी पाहिला तो आभाळात, हातावर नव्हे. आपल्या म्हणींतही मान आहे तो घारीला, आणि घार तर शिकारीस निरुपयोगी! पिले उचलणारा पक्षी लोकभाषेने लक्षात ठेवला, राजाचा पक्षी राजाकडेच राहू दिला.

'बहिरी ससाणा' हे नाव या दृष्टीने बोलके आहे. 'ससाणा' याचे मूळ 'शशादन', म्हणजे ससे खाणारा, या अमरकोशातील श्येनवाचक शब्दात शोधता येते. ध्वनिपरिवर्तनाच्या दृष्टीने ही व्युत्पत्ती निर्वेध आहे. 'बहिरी' मात्र अरबी 'बह्र' (समुद्र) यावरून आलेला, फार्सीच्या वाटेने शिरलेला शब्द होय. मराठी कानाला तो श्रवणहीनतेचा वाटतो. पण तसे असते तर 'बहिरा ससाणा' असे म्हणावे लागले असते. पुल्लिंगी नामामागे जसेच्या तसे उभे राहिलेले 'बहिरी' हे रूपच आपले परकेपण उघड करते. दरबारी शब्दाला देशी शब्दाची जोड देऊन लोकांनी तो समजण्याजोगा केला. यात एक हानीही झाली. बाजदार हिवाळी पाहुणा 'बहिरी' आणि सह्याद्रीच्या कड्यांवर घरटे करणारा स्थानिक 'शाहीन' यांत फरक करीत. मराठीत दोघेही बहिरी ससाणेच.

'बाज' या शब्दाची अवस्था याहून बिकट. खाट ती बाज, गायकीचा ढंग तो बाज, 'बाज येणे' म्हणजे विटणे, आणि 'दगाबाज'मधील 'बाज' हा खेळणे या अर्थाच्या फार्सी धातूपासून आलेला प्रत्यय. एवढ्या गर्दीत पक्षी हरवला तर नवल नाही. भाषांतरकार बाज, शाहीन, शिकरा या सर्वांना सरसकट 'ससाणा' किंवा त्याहूनही सैलपणे 'गरुड' म्हणतो, तेव्हा मूळ प्रतिमाच पालटते. मुठीतून लाव्यावर सुटणारा शिक्रा आणि उंचावरून सूर मारणारा शाहीन ही दोन वेगळी रूपके आहेत.

ही विद्या आता येथे शिकता येणार नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये असे पक्षी धरणे वा बाळगणे गुन्हा आहे, आणि तो निर्बंध योग्यच आहे. युनेस्कोने 2010 साली या कलेस मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिले. 2021 पर्यंत चोवीस देश त्या नोंदीत सामील झाले, त्यांत पाकिस्तान आहे, भारत नाही. आपल्यापुरते काम कोशाचे उरते. माधव जूलियन यांचा 'फार्शी-मराठी कोश' (1925) आणि मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षिकोश' (2002) शेजारी ठेवून, दफ्तरांतील शिकारखान्याचे कागद या शब्दांसाठी पुन्हा वाचले गेले पाहिजेत. 'जुर्रा' हा शब्द एखाद्या मोडी कागदात आला, तर तो वाचणाऱ्यास नर बाज म्हणून ओळखता यावा.