न दुखणारी जखम

डोळ्यात कण गेला की आपण कळवळतो. ही कळच डोळ्याची राखण करते. नागीण किंवा मधुमेहाने बुबुळावरच्या नसा मेल्या, तर जखम दुखत नाही आणि भरतही नाही. माणूस गाफील राहतो, नजर जाते.

अशा जखमेसाठी ‘सेनेजर्मिन’ थेंब निघाले. त्यांतील नसा जगविणारे द्रव्य शोधणाऱ्या रिटा लेव्ही-मोंताल्चिनी ज्यू होत्या. इटलीच्या १९३८ च्या वंशद्वेषी कायद्यांनी त्यांना विद्यापीठ बंद केले. त्यांनी निजायच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली. १९८६ मध्ये नोबेल मिळाले. आठ आठवड्यांच्या चाचण्यांत ७० टक्के रुग्णांची जखम भरली, बिनऔषधी थेंबांनी २८ टक्के. २०१८ मध्ये अमेरिकेने मान्यता दिली. किंमत मात्र गरिबाच्या आवाक्याबाहेर.

म्हणून आमचे सांगणे, दुखत नाही म्हणून लाल डोळा अंगावर काढू नका. दुकानातून स्टिरॉइडचे थेंब आणून घालू नका. वेळीच डॉक्टरांना दाखवा.