धातूंचे शरीरातले मुक्काम

अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात १४ ऑगस्ट १९९६ रोजी रसायनशास्त्रज्ञ कॅरन वेटरहान यांच्या हातमोज्यावर डायमिथाइल मर्क्युरीचे काही थेंब सांडले. लॅटेक्सच्या मोज्यातून हा द्रव काही सेकंदांत आरपार जातो, हे नंतरच्या चाचण्यांत उघड झाले. जानेवारी १९९७ मध्ये त्यांचा तोल जाऊ लागला, जीभ अडखळू लागली. ८ जूनला त्या गेल्या. त्यांच्या केसांची बट इंचाइंचाने तपासली, तेव्हा पाऱ्याचा सारा प्रवास तिच्यात नोंदलेला सापडला. अपघातानंतर सुमारे ३९ दिवसांनी पाऱ्याचे प्रमाण शिखरावर पोहोचले होते आणि त्यानंतर ते निम्मे व्हायला जवळपास ७५ दिवस लागत होते.

वेटरहान स्वतः क्रोमियमच्या विषारीपणाच्या जाणकार होत्या. क्रोमेटची घडण सल्फेटसारखी असते, त्यामुळे सल्फेटच्या वाटेने ते पेशीत शिरते, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. इतर विषारी धातूंचीही तऱ्हा अशीच. त्यांच्यासाठी शरीराने वेगळा दरवाजा केलेलाच नाही. उपयोगी पदार्थांच्या वाटांनी ते आत येतात आणि बाहेर पडायलाही पित्त, लघवी, केस अशा दुसऱ्याच कामांसाठी असलेल्या वाटा धरतात. कुठला धातू कुठे थांबेल आणि किती काळ, हे तो कोणत्या रूपात आला यावर ठरते.

एकट्या पाऱ्याचेच पाहा. थर्मामीटर फुटून पोटात गेलेला पारा आतड्यात जवळजवळ शोषलाच जात नाही, बहुतेक सगळा शौचावाटे निघून जातो. खरा धोका फरशीच्या फटीत उरलेल्या थेंबांचा. त्यांची वाफ श्वासातून गेली, की सुमारे ८० टक्के पारा शरीरात राहतो. वाफेतल्या अणूवर विद्युतभार नसतो, म्हणून तो पेशींची आवरणे सहज ओलांडून मेंदूपर्यंत पोहोचतो. तिथे त्याचे ऑक्सिडीकरण होते, त्याला भार येतो आणि परतीची वाट बंद होते. पाऱ्याच्या क्षारांचे ठाणे मूत्रपिंडात. मेटॅलोथायोनीन नावाचे प्रथिन त्यांना तिथे धरून ठेवते आणि ते हळूहळू लघवीतून बाहेर पडतात.

माशांमधून येणारा मिथाइल पारा सर्वांत बेरकी.

आतड्यातून तो सुमारे ९५ टक्के शोषला जातो. सिस्टीन या अमिनो आम्लाला चिकटला, की त्याचे रूप मेथिओनीनसारखे दिसते. मेंदूला मेथिओनीन हवेच असते, त्यामुळे रक्त आणि मेंदू यांच्यामधला पहारा त्याला आत सोडतो. वारेतूनही तो असाच गर्भाकडे जातो. नाळेच्या रक्तात त्याचे प्रमाण आईच्या रक्तापेक्षा जास्त आढळते. जपानमधल्या मिनामाता येथे चिसो कंपनीच्या कारखान्याचे सांडपाणी खाडीत जात होते. तिथल्या रोगाची अधिकृत नोंद १९५६ ची. आईला फारसा त्रास नाही आणि बाळाच्या मेंदूला मात्र जबर इजा, असे तिथे घडले. बाळाची नाळ जपून ठेवायची जपानी रीत आहे. डॉ. मासाझुमी हारादा यांना त्या वाळक्या नाळांतून पाऱ्याचा पुरावा मिळाला.

या पाऱ्याला बाहेर काढणे यकृतालाही जड जाते. ग्लुटाथायोनला जोडून यकृत तो पित्तात सोडते, पण आतड्यात पोहोचल्यावर त्यातला बराचसा पुन्हा शोषला जातो आणि फेरा नव्याने सुरू होतो. आतड्यातले जिवाणू ज्या अंशाचे असेंद्रिय पाऱ्यात रूपांतर करतात, तो मुख्यतः विष्ठेतून निघतो. शरीरातल्या एकूण साठ्यापैकी दिवसाला जेमतेम एक टक्का बाहेर पडतो.

बाकीच्यांचे मुक्काम वेगळे. शिसे कॅल्शियमचे सोंग घेते. प्रौढाच्या शरीरातले ९० टक्क्यांहून अधिक शिसे हाडांत साठते. रक्तातले शिसे महिना-सव्वा महिन्यात निम्मे होते, हाडांतल्याला दशके लागतात. गरोदरपणात किंवा म्हातारपणी हाडे झिजू लागली, की तेच शिसे पुन्हा रक्तात उतरते. कॅडमियम मूत्रपिंडात दहा ते तीस वर्षे ठाण मांडते. आर्सेनिक मात्र घाईचा पाहुणा. यकृत त्याला मिथाइल गट जोडते आणि काही दिवसांत त्यातले बरेचसे लघवीवाटे जाते. थोडे केसांत, नखांत उरते.

म्हणूनच तपासणीही धातूगणिक बदलते. पाऱ्याच्या वाफेसाठी लघवी पाहतात, मिथाइल पाऱ्यासाठी रक्त आणि केस. एकाच चाचणीवर ‘डिटॉक्स’ विकणाऱ्या जाहिराती हा फरक गाळून टाकतात. औषधेही सरसकट चालत नाहीत. आर्सेनिकयुक्त युद्धवायूवर उतारा म्हणून दुसऱ्या महायुद्धात तयार झालेले ‘बाल’ मिथाइल पाऱ्यावर दिले, तर मेंदूतला पारा वाढू शकतो.

इराकमध्ये १९७१-७२ च्या हिवाळ्यात पेरणीसाठीचा गहू लोकांनी दळून भाकरीत खाल्ला. त्याला मिथाइल पाऱ्याचे बुरशीनाशक चोळलेले होते. लाल रंग धुतला म्हणजे विषही गेले, असा अनेकांचा समज झाला. लक्षणे कित्येक आठवड्यांनी उमटली. ६,५३० जण रुग्णालयात दाखल झाले, ४५९ दगावले. काही रुग्णांना डॉक्टरांनी तोंडावाटे रेझिन दिले. पित्तातून आतड्यात उतरलेला पारा ते तिथेच पकडत असे, त्यामुळे त्याचा फेरा तुटला. रक्तातला पारा खरोखरच झपाट्याने उतरला. गेलेली दृष्टी आणि ढळलेला तोल मात्र त्याने परत आला नाही.