एकाचा सुवर्णमहोत्सव, बाकीचे अडगळीत
२०२४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ला पन्नास वर्षं झाली. जाडजूड ग्रंथ निघाले, अमेरिकेच्या टपाल खात्याने तिकिटं काढली. एकाने गोष्ट रचायची, बाकीच्यांनी तिच्यातली पात्रं व्हायचं आणि अडेल तिथे फासे टाकायचे, हा प्रकार त्या खेळाने रूढ केला. त्याचा मान त्याला मिळायलाच हवा. पण त्याच्या मागोमाग जन्मलेल्या शेकडो रोल-प्लेइंग गेम्सची आठवण या सोहळ्यात क्वचितच कुणी काढली. आज ते आहेत जुन्या संग्राहकांच्या कपाटांत, कोपरे फाटलेल्या खोक्यांत.

सत्तरच्या दशकातला ‘बनीज अँड बरोज’ (१९७६) तेवढा सांगण्याजोगा. त्यात खेळाडू ससे होत, आणि माणूस हा शत्रू.

खरी धमाल ऐंशीच्या दशकात झाली. युद्धखेळ काढणाऱ्या एसपीआयने १९८० मध्ये चक्क ‘डॅलस’ या टीव्ही मालिकेवर खेळ काढला. तलवार नाही, राक्षस नाही. तेलसम्राटांच्या घरातली भांडणं आणि कारस्थानं. सुमारे ८०,००० प्रती छापल्या गेल्या आणि बहुतेक पडून राहिल्या. अपयश मोठं, पण कल्पना काळाच्या पुढची होती.

‘इंडियाना जोन्स’ची (१९८४) कथा जास्त बोचते. ‘डंजन्स’ काढणाऱ्या टीएसआरच्या या खेळात आपला स्वतःचा नायक घडवायचे नियमच नव्हते. जोन्स नाहीतर त्याचे साथीदार व्हायचं. परवाना संपला आणि उरलेल्या प्रती नष्ट करण्यात आल्या. एका जळक्या तुकड्यावर ‘इंडियाना’तली शेवटची अक्षरं तेवढी वाचली होती. तोच तुकडा पारदर्शक पिरॅमिडमध्ये बसवून ‘डायना जोन्स’ पुरस्काराचं चिन्ह झाला. २००१ पासून खेळांच्या क्षेत्रातल्या उत्तम कामाला तो दिला जातो.

आणि ‘घोस्टबस्टर्स’ (१९८६)! बुद्धी, ताकद, चपळाई, रुबाब, एवढेच चार गुण. गुण जितका तितके फासे टाकायचे आणि बेरीज करायची. त्यातल्या एका फाशावर सहाच्या जागी भूत. ते वर आलं की काम फत्ते झालं तरी काहीतरी विपरीत घडणारच. तो काढणाऱ्या वेस्ट एंड गेम्सने पुढच्याच वर्षी मूठभर फाशांची ही रीत ‘स्टार वॉर्स’मध्ये वापरली. नव्वदच्या दशकात ती सर्रास झाली, पण श्रेय फार थोड्यांनी दिलं.

पुढचं थोडक्यात. १९९३ मध्ये ‘मॅजिक’ या खेळाचे पत्ते आले, दुकानांतली फळी त्यांनी व्यापली, १९९७ मध्ये खुद्द टीएसआर विकली गेली.

जानेवारी २०२३ मध्ये ‘डंजन्स’च्या मालकांनी इतरांना नियम वापरू देणारा जुना खुला परवाना आवळायचा प्रयत्न केला, तेव्हा खेळाडू खवळून उठले आणि काही आठवड्यांत कंपनीला माघार घ्यावी लागली. चालत्या खेळासाठी एवढी माणसं भांडली. बंद पडलेल्यांसाठी कुणी उभं राहत नाही. ‘बनीज अँड बरोज’ची निदान २०१९ मध्ये नवी आवृत्ती निघाली. सिनेमांवरच्या खेळांना नियमांचा मालक आणि सिनेमाचा मालक, दोघांचीही परवानगी लागते. तिथेच घोडं पेंड खातं. ‘घोस्टबस्टर्स’ हवा असेल त्याने जुनं खोकं शोधावं, आणि भुताचा फासा आत आहे ना, हे पैसे देण्याआधी विचारून घ्यावं.