कठीण गेम घ्यायचा की नाही?

वाकोल्यात परीक्षा संपल्या की आमच्या बिल्डिंगमधली पोरं एक प्रश्न हमखास घेऊन येतात: "काका, एल्डन रिंग घेऊ का? लय हार्ड आहे म्हणतात." प्रश्न पोरकट नाही. नव्या मोठ्या गेमची किंमत हजारांत असते, घरात टीव्ही एकच, खोल्या एक नाहीतर दोन, आणि कुणाचं ना कुणाचं दहावी-बारावीचं वर्ष चालूच असतं. त्यात पन्नास-साठ तास मागणारा आणि शंभरदा मारणारा गेम आणायचा, तर नीट विचार करायला हवाच. अडचण अशी की हा विचार बहुतेक जण मित्रांकडून ऐकलेल्या आणि रील्समध्ये पाहिलेल्या गोष्टींवर करतात, आणि त्यांतल्या बऱ्याच गोष्टी खऱ्या नसतात.

गैरसमज: गेम जितका कठीण, तितका दर्जेदार

कठीणपणा पुष्कळदा धंद्यासाठी घातलेला असतो. १९८१ साली डाँकी काँग आला तेव्हा असे गेम नाण्यावर चालणाऱ्या यंत्रांत असत. खेळणारा लवकर आऊट झाला की पुढचं नाणं पडायचं, त्यामुळे फार वेळ टिकू न देणं यंत्रवाल्याच्या फायद्याचंच होतं. पुढे अमेरिकेत गेमच्या कार्ट्रिज भाड्याने मिळू लागल्या. १९९४ च्या ‘द लायन किंग’ची दुसरी लेव्हल खेळताना जगभरची पोरं रडकुंडीला आली होती. भाड्याच्या मुदतीत गेम संपू नये म्हणून ती मुद्दाम अवघड केली होती, हे तो बनवणाऱ्या वेस्टवूड कंपनीच्या लुई कॅसल यांनी नंतर सांगितलं. आपल्याकडे टीव्हीला जोडायच्या आठ-बिट गेमवर काँट्रा तीन लाइफमध्ये संपवणाऱ्याला गल्लीत मान होता, बाकीचे तीस लाइफचा कोड मारत. त्या मानात काही खोटं नव्हतं. पण गेम चांगला असण्याची आणि जिंकायला कठीण असण्याची कारणं वेगवेगळी होती.

आज तीच चाल फुकटच्या मोबाइल गेममध्ये दिसते. कँडी क्रशमध्ये पाच लाइफ मिळतात, त्या गेल्या की एकेक लाइफ परत यायला अर्धा तास लागतो. थांबायचं नसेल तर पैसे मोजा. अशी अडलेली लेव्हल तुमचं कौशल्य वाढावं म्हणून अडलेली नसते.

मग चांगला कठीणपणा ओळखायचा कसा? माझी कसोटी एकच आहे. मेल्यावर पुढच्या वेळी काय वेगळं करायचं ते कळलं का?

एल्डन रिंगमधलंच उदाहरण घेऊ. स्टॉर्मवेल किल्ल्याच्या वाटेवर मार्गिट नावाचा बॉस उभा असतो. तो काठी उगारतो आणि तशीच वर धरून ठेवतो. नवखा खेळाडू घाबरून लगेच बाजूला लोळण घेतो, आणि लोळण संपते न संपते तोच काठी डोक्यात बसते. पहिल्या काही वेळा हा अन्याय वाटतो. मग लक्षात येतं की काठी वर गेली तेव्हा हलायचंच नव्हतं, ती खाली यायला लागली की हलायचं होतं. मार्गिट तुमची घाई पकडतो. हे एकदा कळलं की कॅरमच्या स्ट्रायकरवर हात बसावा तसा हात बसतो, आणि कालपर्यंत अशक्य वाटलेला माणूस आज अर्ध्या लाइफवर येतो. या आनंदासाठीच लोक असे गेम खेळतात.

उलट बाजूही आहे. २०१७ चा हॉलो नाइट मला अतिशय आवडतो, तरी त्यात काही बॉसकडे हरलात की दूरच्या बाकड्यावर जाग येते आणि तोच रस्ता पुन्हा तुडवावा लागतो. रस्ता पाठ झालेला असतो, त्यातून नवं काही शिकायला मिळत नाही, फक्त वेळ जातो. एल्डन रिंगने बऱ्याच बॉसच्या जवळच पुन्हा उभं राहायची सोय दिली. २०१८ च्या सेलेस्टमध्ये तर मेल्यावर क्षणात त्याच पडद्यावर परत येता. तिन्ही गेम कठीणच आहेत. म्हणून कुठलाही गेम घेण्याआधी विचारा: मेल्यापासून पुन्हा प्रयत्न करेपर्यंत किती वेळ जातो? "किती हार्ड आहे" यापेक्षा या प्रश्नाच्या उत्तरातून जास्त कळतं.

गैरसमज: चपळ बोटं नसतील तर या वाटेला जाऊ नये

चाळिशी-पन्नाशीतले बरेच जण या समजुतीपायी मागे राहतात. कठीणपणा एकाच जातीचा नसतो. सेकिरोमध्ये, म्हणजे २०१९ च्या फ्रॉमसॉफ्टवेअरच्या गेममध्ये, समोरच्याचा वार अचूक वेळी तलवारीवर घ्यावा लागतो. तिथे हाताला आणि तालाला पर्याय नाही, नुसती ताकद वाढवून पुढे सरकता येत नाही. त्याच कंपनीच्या एल्डन रिंगची गोष्ट वेगळी. सुरुवातीच्या गुहेतून बाहेर पडलं की मोकळ्या मैदानात सोनेरी चिलखतातला घोडेस्वार फिरताना दिसतो. नवखा त्याच्यावर धावून जातो आणि दोन फटक्यांत संपतो. त्याला वळसा घालून निघून जायचं, बळ वाढवायचं आणि नंतर परत यायचं, हा त्या गेमचा पहिला धडा. त्यात मदतीला आत्मे बोलावता येतात, दुसऱ्या खेळाडूंना हाक मारता येते, दुरून मंत्र मारता येतात. सबुरी आणि निरीक्षण असलेला माणूस तिथे चपळ पोराच्या पुढे जाऊ शकतो.

२०१९ च्या ‘बाबा इज यू’मध्ये तर बोटांचा संबंधच नाही. शब्दांचे ठोकळे ढकलून गेमचे नियमच बदलायचे. तो भल्याभल्यांना अडवतो, पण चहा पीत, सावकाश विचार करत खेळता येतो. आणि ‘गेटिंग ओव्हर इट’ मुद्दाम छळायलाच बनवला आहे. हातोड्याच्या जोरावर डोंगर चढायचा, हात चुकला की तासाभराची चढण एका क्षणात जाते, मधे कुठे थांबा नाही. ज्याला चिडचिड लवकर होते त्याने तो घेऊ नये असं मी स्पष्ट सांगतो.

गैरसमज: सोप्या मोडवर खेळणं म्हणजे चीटिंग

इथे आपल्या जवळचंच उदाहरण आहे. ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ हा गेम पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने केला. २०१७ मध्ये त्यासाठी लोकवर्गणी गोळा करायचा प्रयत्न झाला, तो अपुरा पडला. तरी मंडळींनी काम सोडलं नाही आणि २०२० मध्ये गेम जगभर विक्रीला आला. त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम इंडी गेमच्या नामांकनांत तो होता. भाऊ गोलूला असुरांनी पळवून नेल्यावर राजी हातात त्रिशूळ घेऊन निघते. खांबाभोवती गिरकी घेते, भिंतीवरून धावत जाऊन वार करते, आणि वाटेतली भित्तिचित्रं आपल्याला ओळखीच्या पुराणकथा सांगतात. गेम छोटा आहे, पाच-सहा तासांत होतो. पण चारी बाजूंनी असुर घेरतात तेव्हा नवख्याची तारांबळ उडते, आणि काहींनी गोष्ट अर्ध्यावर सोडून दिली.

२०२२ मध्ये याच गेमची सुधारित आवृत्ती आली. लढाई सफाईदार केली, हिंदी संवाद घातले आणि काठिण्याच्या पातळ्या दिल्या. म्हणजे सोप्या पातळीची सोय गेम बनवणाऱ्यांनी स्वतः केली. ज्याला गोष्ट आणि चित्रं पाहायची आहेत त्याने ती निवडली तर त्याने कुणालाही फसवलेलं नाही.

परदेशातही हेच झालं. सेलेस्टमध्ये मदतीचा मोड आहे. गेमचा वेग निम्म्यापर्यंत कमी करता येतो, दम संपणं बंद करता येतं, हवं तर मरणंच बंद करता येतं. हेडीस या गेममधली सोय मला सर्वांत आवडते. ती सुरू केली की २० टक्के कमी मार बसतो, आणि प्रत्येक मरणानंतर आणखी २ टक्के सूट वाढत जाते, ८० टक्क्यांपर्यंत. हरणाऱ्याला गेम हळूहळू हात देत जातो.

दुसरी बाजू मी टाकाऊ मानत नाही. फ्रॉमसॉफ्टवेअरचे हिदेताका मियाझाकी सोप्या-कठीण पातळ्या देत नाहीत. सर्वांसमोर एकच आव्हान असावं आणि त्यावर सर्वांना एकत्र बोलता यावं, अशी त्यांची भूमिका आहे. तिच्यात तथ्य आहे: मार्गिटबद्दल दोन अनोळखी माणसं लगेच बोलू लागतात ती त्यामुळेच. ज्याला हे पटत नाही त्याने त्यांचा गेम घेऊ नये, एवढंच. आणि बनवणाऱ्यांचाही अंदाज चुकतो. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘हॉलो नाइट: सिल्कसाँग’ आला, सुरुवातीचेच बॉस फार कडक असल्याची ओरड झाली, आणि तो बनवणाऱ्या टीम चेरीने पहिल्याच दुरुस्तीत त्यांतले दोन थोडे सौम्य केले. तुम्ही अडलात म्हणजे तुम्हीच कमी पडलात असं दरवेळी नसतं.

गैरसमज: यूट्यूबवर पाहिलं की कळतं

यूट्यूबवर दिसतो तो मुरलेला खेळाडू. पाचशे वेळा केलेलं तो एकदा दाखवतो. पाहायचंच असेल तर पहिल्यांदाच खेळणाऱ्याचा, न कापलेला पहिला तास पाहा. त्यापेक्षा चांगलं म्हणजे डेमो असेल तर डेमो, नाहीतर तासावर पैसे घेणाऱ्या गेमिंग कॅफेत एक संध्याकाळ. कंट्रोलर हातात आल्यावर दहा मिनिटांत जे कळतं ते तासभराच्या व्हिडिओत कळत नाही.

शिवाय व्हिडिओत तुमचं घर नसतं. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळेला येतं. आईने "पाणी आलं, पिंप भर" म्हटलं की उठावंच लागतं, आणि त्या वेळी तुम्ही बॉसच्या समोर असाल तर एल्डन रिंगमध्ये पॉजचं साधं बटणच नाही. सेकिरोमध्ये आहे, त्याच कंपनीचा असूनही. गॅसवाला येतो, आजोबांना बातम्या लावायच्या असतात, धाकट्या बहिणीला ऑनलाइन क्लास असतो. एक खोली चार माणसं वापरतात तिथे गेम कुठेही थांबवता येतो का आणि कुठे सेव्ह होतो, हे ग्राफिक्सच्या आधी पाहायला हवं. मला तर ही माहिती प्रत्येक परीक्षणात पहिल्या परिच्छेदात हवी असते, आणि ती बहुतेकदा सापडत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. टीव्हीवर खेळत असाल तर सेटिंगमध्ये जाऊन ‘गेम मोड’ सुरू करा. एरवी टीव्ही चित्र सुंदर करण्यात वेळ घालवतो, बटण दाबल्यावर पडद्यावर हालचाल उशिरा दिसते, आणि वेळ साधायच्या गेममध्ये तेवढ्यानेही मार बसतो. गेमला शिव्या देण्याआधी हे तपासलेलं बरं.

गैरसमज: हे सगळं व्यसन आणि जुगार

हा मोठ्यांचा गैरसमज, आणि त्यापायी घरात नको ती भांडणं होतात. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आहे, ई-स्पोर्ट्सना मात्र वेगळी मान्यता आहे. एकदा विकत घेऊन घरी खेळायच्या राजी किंवा सेलेस्टमध्ये पैसे लावण्याचा प्रश्नच येत नाही. व्यसनाचं म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसत असूनही खेळत राहणं आणि हे साधारण बारा महिने चालणं, अशा त्याच्या खुणा आहेत. अशा खुणा दिसल्या तर डॉक्टरकडे जायलाच हवं. सुट्टीत पोरगा एका बॉसपायी चार दिवस हट्टाला पेटला, तर ती त्याची जिद्द आहे.

गैरसमज: पैसे घातले, आता संपवलाच पाहिजे

घातलेले पैसे गेम संपवल्याने परत येत नाहीत, वरून वेळही जातो. संगणकावर स्टीमवरून घेतला असेल तर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात. म्हणून पहिले दोन तास लक्ष देऊन खेळा. कॅरेक्टरची केशभूषा करण्यात त्यातला पाऊण तास घालवू नका. प्लेस्टेशनच्या दुकानात नियम कडक आहे, डाउनलोड सुरू केलं की साधारणतः पैसे परत मिळत नाहीत.

आपण एकटेच अडलो आहोत का, हेही पाहता येतं. स्टीमवर प्रत्येक गेमच्या अचीव्हमेंट्स किती टक्के खेळाडूंनी मिळवल्या ते उघड दिसतं. पहिल्या बॉसचा आकडा आणि शेवटच्या बॉसचा आकडा शेजारी ठेवून पाहा. बरीच माणसं मधेच उतरलेली दिसतील, आणि त्यांत चांगले खेळणारेही असतात.

डिस्क घेतली असेल तर सोडणं आणखी सोपं. वापरलेल्या डिस्कची खरेदी-विक्री मुंबईत सर्रास चालते, आणि गेम नवा असतानाच विकली तर बरी किंमत येते. दोन आठवडे हात लावला नाही आणि लावावासाही वाटला नाही, तर डिस्क देऊन टाका आणि त्या पैशांत राजीसारखा छोटा गेम घ्या.